आधी चष्मा, मग माणूस

चष्म्याच्या धंद्यात एक अडचण आहे. नवा चष्मा निवडायचा तर जुना काढावा लागतो, आणि जुना काढला की नवा दिसत नाही. गिऱ्हाईक रिकामी फ्रेम डोळ्यांवर चढवतं आणि आरशासमोर उभं राहतं. आरशातल्या धुक्यातून कुणीतरी परकं माणूस आपल्याकडे बघत असतं. मग गिऱ्हाईक नम्रपणे विचारतं, "कसा दिसतो?" दुकानदार म्हणतो, "झकास." दुकानदाराकडून याहून वेगळ्या उत्तराची कुणी अपेक्षाही करत नाही.

कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यानं या अडचणीवर तोडगा काढला होता. काउंटरखाली त्यानं जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं ठेवली होती आणि एक जाड काळा मार्कर. गिऱ्हाइकानं फ्रेम लावली की तो तिथल्या तिथे त्याचं चित्र काढी आणि काउंटरपलीकडून दोन्ही हातांनी उंच धरी. रेघा इतक्या ठसठशीत असत, की ज्याला समोरची भिंत दिसत नाही त्यालाही त्या दिसाव्यात. "हे घ्या, असे दिसता तुम्ही," तो म्हणे. स्वतःच्या या शोधाचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवण्याचे कष्ट त्यानं कधी घेतले नव्हते.

चित्र काढण्याची त्याची रीत ठरलेली होती. आधी चष्मा. तो इतका हुबेहूब, की बिजागरीचा स्क्रूसुद्धा सुटायचा नाही. मग चष्म्याच्या आत डोळे, कारण त्यांची जागा तिथेच. मग खाली नाक, कारण फ्रेम त्याच्यावर टेकते. मग दोन्ही बाजूंना कान, कारण काड्या कशाला तरी अडकवायला हव्यात. एवढं झालं की सगळ्याच्या भोवती एक रेघ फिरवायची आणि माणूस बंद करायचा. कपाळाशी त्याचा व्यवहार नव्हता. हनुवटीला चष्मा अडकत नाही, म्हणून तीही जागा उरली तर मिळे. त्यामुळे बेकरीवाला असो, वकील असो, नाही तर नुकतीच नोकरीला लागलेली एखादी मुलगी असो, त्याच्या कागदावर उत्तम चष्मा लावलेला एक बटाटाच उतरे. गिऱ्हाइकं तक्रार करत नसत. त्यांना चष्मा बघायचा असे, आणि चष्मा खरोखरच चांगला असे.

"बाबा, फोनवर फोटो काढा ना," त्याच्या मुलीनं एकदा सुचवलं होतं. "जुना चष्मा लावून मग बघतील."

चष्मेवाल्यानं तेही करून पाहिलं होतं. त्याच्या ध्यानात असं आलं, की फोटोत माणूस फ्रेम बघत नाही, स्वतःला बघतो. आणि स्वतःला नीट बघितल्यावर कुणालाच काही विकत घ्यावंसं वाटत नाही. मार्कर पुन्हा बाहेर आला.

हे असंच चाललं असतं. पण एक दिवस आक्का स्वतःच्या चष्म्यावर बसली.

आक्का म्हणजे चष्मेवाल्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा त्याला न्हाऊ-माखू घालण्यापासून ते एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याच्या हाताखाली उमेदवारीला बसवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं होतं. "याच्या हातून काहीही पडतं, पण काच कधी पडत नाही," एवढ्या एका निरीक्षणावर तिनं त्याचा धंदा ठरवून टाकला होता. तो साठीला आला तरी ती त्याला "धाकट्या" म्हणे, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. तिची स्वतःची हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, त्यामुळे समोरच्याचं बोलणं कुठे तोडायचं हे तिला नेमकं कळे.

आणि आक्काला कपाळ होतं. घरात जमीनजुमला नव्हता, दागिना नव्हता, पण आक्काचं कपाळ होतं. भव्य, नितळ, संध्याकाळच्या दिव्यात उजळणारं. लहानपणी पाहुणे आले की या दोघांची आत्या ते त्यांना दाखवत असे.

तर ती दुकानात आली, तेव्हा तिच्या नाकावर जुनापुराणा चष्मा होता. कपाटाच्या तळातून काढलेला, नंबर मागच्या कुठल्यातरी जमान्यातला, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चष्मेवाल्यानं तिचा नंबर तपासला, एक सुबक गोलसर फ्रेम तिच्या डोळ्यांवर चढवली, कॅलेंडरचं पान ओढलं आणि सवयीनं चित्र काढून समोर धरलं.

आक्कानं डोळे बारीक केले.

"ही कोण?"

"तू."

"मी?" ती पुढे वाकली. "आणि माझं कपाळ?"

"कपाळ वर आहे."

"वर कुठे?"

चष्मेवाल्यानं कागदाकडे पाहिलं. "कागदाच्या बाहेर," तो म्हणाला.

दुकानात बेकरीवाला बसला होता. तो हसला. नसता हसला तर पुढचं बरंच टळलं असतं.

"धाकट्या," आक्का उठून उभी राहिली, "तुला नाकाला नाक म्हणायला मी शिकवलं. आणि तू माझा बटाटा केलास. बटाट्याला चष्मा घातलास! ज्या दिवशी मला माणसासारखी काढशील ना, त्या दिवशी तुझा चष्मा घेईन. तोवर मला आहे तो बरा आहे."

"अगं, चित्राचं काय घेऊन बसलीस? डोळ्यांचा प्रश्न आहे—"

पण आक्कानं लाइन कट केली होती. उंबऱ्याजवळची एकुलती एक पायरी पायानं चाचपत ती उतरली आणि शेजारच्या लाँड्रीच्या दारात टांगलेल्या काळ्या कोटाला मान लववून म्हणाली, "काय, बरं आहे ना?"

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना गंमत वाटली. आक्कानं चहात मीठ घातलं, आणि चूक मान्य करायला नको म्हणून ती तो पिऊन संपवला. रस्त्यात एका अनोळखी गृहस्थाचा हात धरून ती त्याला "किती वाळलास रे" म्हणाली. लाँड्रीतल्या कोटाची तर रोज विचारपूस होई. लाँड्रीवाल्याचं म्हणणं असं, की कोट ज्याचा आहे त्याची एवढी चौकशी त्याच्या घरीही होत नसेल.

चष्मेवाल्यानं गुपचूप चष्मा बनवून बायकोच्या हाती पाठवला. तो उघडलासुद्धा न जाता परत आला. दुसऱ्या दुकानात जायला आक्का तयार नव्हती. भाऊ चष्मेवाला असताना परक्याकडून चष्मा घेतला तर लोक काय म्हणतील, हा तिचा सवाल. भावाकडून घ्यायचा नाही, हा तिचा निश्चय. दोन्हींच्या मधोमध ती ताठ मानेनं उभी होती आणि तिला कुणीच नीट दिसत नव्हतं.

मग एके दुपारी चष्मेवाल्याची बायको त्याचा डबा घेऊन आली आणि डबा काउंटरवर ठेवायच्या आधीच म्हणाली, "आज वन्सं जिन्यावरून जात होत्या."

"कुठे?"

"कुठे काय कुठे! खाली. शेवटची पायरी संपली असं वाटलं त्यांना. संपली नव्हती. शेजारणीनं दंड धरला म्हणून." ती स्टुलावर बसली. "या वयात हाड मोडलं तर जुळतं का हो?"

"तू सांग ना तिला."

"मी सांगितलं. म्हणाल्या, 'मला काय, मी पायानं बघते.'"

चष्मेवाल्यानं डबा उघडला नाही. चार घास खाऊन विसरावं अशी ही गोष्ट नव्हती. या एका बाईचं पडणं आपल्याला परवडायचं नाही, हे त्याला कळत होतं. आणि आयुष्यभर लोकांचे डोळे सांभाळून शेवटी आपण एका कपाळापाशी अडलो, हेही कळत होतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी चित्रकलेचा वर्ग भरे. दारावर पाटी होती: "लहान मुले व नवशिके". चष्मेवाल्यानं ती पाटी दोनदा वाचली आणि आपण शेवटच्या शब्दात बसतो अशी मनाची समजूत घालून आत गेला. नवशिका तो एकटाच होता. बाकी सगळी पहिल्या दोन शब्दांतली. बाकं त्यांच्याच मापाची असल्यानं गुडघे कुठे ठेवायचे हा त्याचा पहिला धडा झाला.

शेजारी पुढचा दात पडलेली एक मुलगी बसली होती. तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"काका, तुम्ही नापास झालात का?"

"अजून नाही," चष्मेवाला म्हणाला.

ड्रॉइंगच्या बाई तरुण होत्या, पण आवाजानं निवृत्तीला आलेल्या वाटत. "चेहरा म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"अंडं!" वर्ग ओरडला.

चष्मेवाला दचकला. बटाट्यावरून आपण अंड्यावर आलो, म्हणजे फार काही प्रगती नाही, असं त्याला वाटलं. पण बाईंनी फळ्यावर अंडं काढलं, निमुळतं टोक खाली. त्याच्या मधून एक उभी रेघ, एक आडवी रेघ. सगळ्या माना कागदावर वाकल्या. बाई फिरत फिरत त्याच्यापाशी आल्या.

"काका, हे काय?"

"चष्मा."

"अंडं कुठाय?"

"येईल. आधी चष्मा बसू दे."

"चष्मा शेवटी."

"शेवटी?" चष्मेवाल्याचा आवाज चढला. "अहो, मग तो टेकणार कशावर?"

"नाकावर. म्हणून आधी नाक. आणि नाकाच्या आधी अंडं." बाईंनी खोडरबर त्याच्यापुढे ठेवला. एवढी सुबक बिजागरी त्यानं सगळ्यात शेवटी पुसली, हे फक्त दात पडलेलीनं पाहिलं.

"आता डोळे. कुठे काढाल?"

मुलांनी अंड्याच्या वरच्या टोकाशी बोटं ठेवली. चष्मेवाल्यानंही.

"चूक. आडव्या रेघेवर. बरोब्बर मध्ये."

"शक्य नाही," चष्मेवाला म्हणाला. "मी डोळ्यांच्याच धंद्यात आहे."

"मग मोजा."

त्यानं मोजलं. पेन्सिल उभी धरून, अंगठा सरकवत, शेजारणीच्या डोक्याच्या शेंड्यापासून डोळ्यांपर्यंत, मग डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. शेजारीण खिदळत म्हणाली, "काका, गुदगुल्या होतात." त्यानं पुन्हा मोजलं. मग स्वतःला मोजलं, काहीतरी वेगळं निघेल या आशेनं. निघालं नाही. दोन बुबुळांमधलं अंतर तो केसाएवढंही चुकत नसे, नाकाचा दांडा किती रुंद हे बघूनच सांगे. पण त्या सगळ्याच्या वर निम्मा माणूस शिल्लक असतो याचा त्याला पत्ताच नव्हता. आपल्या राहत्या घराला आणखी एक मजला आहे हे उतारवयात कळावं, तसा चेहरा घेऊन तो घरी आला आणि बायकोकडे एकटक बघत बसला.

"काय लागलंय का तोंडाला?" बायकोनं विचारलं.

"नाही. केवढं आहे गं!"

"काय?"

"कपाळ."

"तुमच्याशी संसार करायचा म्हणजे लागतंच तेवढं," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

रविवारांमागून रविवार गेले. नाकाचं टोक हनुवटी आणि डोळे यांच्या मध्यावर येतं, दोन डोळ्यांच्या मध्ये तिसरा डोळा मावेल एवढी जागा सोडायची, कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत, हे सगळं त्यानं पाठ केलं. पाठांतराला मुलं त्याच्यापेक्षा सरस होती, पण गृहपाठात तो पहिला येई. अडत होतं ते हातापाशी. मार्करच्या सवयीनं तो पेन्सिल अशी रेटायचा, की कागदाला पलीकडून उजेड दिसे.

"हलकी," बाई म्हणायच्या. "झोपलेल्या मांजरावरून हात फिरवतो ना, तशी. मांजर उठलं की चित्र गेलं."

कितीतरी मांजरं उठवल्यावर एक दिवस त्याची रेघ खरंच हलकी झाली. कागदावर आहे की नाही अशी शंका यावी, आणि जवळ जाऊन पाहिलं तर असावी. बाईंनी त्याचा कागद वर्गाला दाखवला. दात पडलेलीला तोवर नवा दात फुटू लागला होता, तो दाखवत ती म्हणाली, "काका, तुम्ही वरच्या वर्गात जाणार."

दुकानात मात्र या प्रगतीनं भलताच गोंधळ झाला. गिऱ्हाइकांना आता कपाळं आली. बेकरीवाला फ्रेम बदलायला आला आणि चित्र अगदी नाकाशी धरून बघतच राहिला.

"हे काय?"

"कपाळ."

"एवढं? केस कुठे आहेत माझे?"

"मला दिसले नाहीत."

"इतकी वर्षं काढतोस माझं चित्र, कधी टक्कल नव्हतं मला!" बेकरीवाला फ्रेम न घेताच निघून गेला. तेव्हा चष्मेवाल्याला पहिल्यांदा उमगलं, की त्याच्या जुन्या रीतीत कुणालाच कपाळ नसल्यानं कुणालाच टक्कलही नव्हतं. तो नकळत पुष्कळांवर उपकार करत आला होता.

अधूनमधून तो आक्काकडे जाई. दार उघडलं की ती विचारी, "कोण?" आवाज ऐकल्यावर विचारी, "जमलं?"

"शिकतोय."

"मग शिक." आणि भिंतीला हात लावत आत जाई. त्या भिंतीवर, तिच्या हाताच्या उंचीवर, मळकट पट्टा उमटू लागला होता. तो बघून आल्यावर चष्मेवाला दोन चित्रं जास्त काढी.

शेवटी एका सकाळी त्यानं निरोप पाठवला. आक्का आली ती इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट मागे बसवून. कपाळ आज पाहुण्यांसाठी असावं तसं लख्ख होतं. ती खुर्चीत बसली. चष्मेवाल्याची बायको दाराशी उभी राहिली.

त्यानं आक्काच्या नाकावरचा तो दोऱ्यानं बांधलेला चष्मा काढून ठेवला आणि पेन्सिल उचलली. पण लगेच चित्र काढलं नाही. बाई म्हणायच्या, जे माहीत आहे ते काढू नका, जे दिसतंय ते काढा. तो बघत राहिला. आजवर त्यानं तिचे डोळे तपासले होते, नाक मापलं होतं, कानामागे काड्या बसवल्या होत्या. आक्काला अशी सगळी एकत्र त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्यानं पाडलेले खळगे होते. कपाळ तेच होतं, पण त्याखालचा चेहरा केव्हातरी लहान झाला होता, धुऊन आटलेल्या कापडासारखा.

"काय बघतोस एवढं? काढ की," आक्का म्हणाली. तिचे चष्म्याविना डोळे त्याच्या खांद्याच्या जरा पलीकडे बघत होते.

त्यानं अंडं काढलं. झोपलेल्या मांजरावरून हात फिरवावा तसं.

बराच वेळ दुकानात पेन्सिलीचा आवाजही आला नाही, इतकी ती हलकी चालत होती. झाल्यावर बायको पुढे आली, तिनं वाकून पाहिलं आणि हात तोंडावर नेला. "अगोबाई! वन्संच की हो या!"

चष्मेवाल्यानं कागद दोन्ही हातांनी आक्कासमोर धरला. आक्कानं तो घेतला, जवळ आणला, लांब नेला, उलटा केला, सुलटा केला.

"हा कोरा आहे," ती म्हणाली.

तिनं कागद काउंटरवर टाकला.

"धाकट्या, थट्टा करतोस माझी? सकाळपासून मला नटवून बसवलंस, आणि कोरा कागद देतोस?"

चष्मेवाल्यानं कागदाकडे पाहिलं, मग आक्काच्या डोळ्यांकडे. इतके रविवार तो रेघ हलकी करायला शिकत होता. ज्या बाईसाठी शिकत होता तिला हलकी रेघ दिसत नाही, हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. त्याच्या, म्हणजे चष्मेवाल्याच्या. घाईघाईनं त्यानं तिचा जुना चष्मा तिच्या हातात दिला. तिनं तो लावून पाहिला.

"पाणी सांडल्यासारखं दिसतंय काहीतरी."

"अहो, मार्करनं गिरवा ना वरून," बायको कुजबुजली.

मार्कर काउंटरखाली होताच. त्यानं तो उचलला, टोपण काढलं. कागदावरच्या त्या आटलेल्या गालावर, त्या खळग्यांवर ते जाड काळं टोक टेकवलं की पुढे काय होणार हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यानं टोपण परत लावलं.

"नाही गिरवणार."

"काय?" आक्का म्हणाली. आजवर 'नाही' हा शब्द तिनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

"गिरवलं की बटाटा होईल. मी तुझा पुन्हा बटाटा करणार नाही."

"मग मला दिसायचं कसं?"

चष्मेवाल्यानं खण उघडला आणि परत आलेला तो चष्मा तिच्यापुढे ठेवला. "फक्त चित्र बघण्यापुरता लाव. घेतलास असं मी समजणार नाही. आवडलं नाही तर इथेच काढून ठेव."

आक्कानं विचार केला. अटीत कुठे खोच आहे का हे ती शोधत असावी. मग तिनं चष्मा चढवला.

ती चित्र बघत होती आणि चष्मेवाला तिला. तिचं बोट कपाळाच्या रेघेवरून फिरलं, खाली गालापर्यंत आलं आणि तिथे जरा थबकलं. मग ते कानाशी गेलं.

"उजवा कान खाली काढलास," ती म्हणाली. "चुकलाय."

"तो खालीच आहे."

"कुणाचा?"

"तुझा. पहिल्यापासून. म्हणून तुझ्या चष्म्याची उजवी काडी मी दर वेळी वाकवून देतो."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू विचारलं नाहीस. आणि चष्मा सरळ बसत होता."

आक्कानं उजवा कान चाचपला. मग डावा. मग तिनं मान वर केली आणि बऱ्याच काळानंतर भावाकडे पाहिलं. खांद्यापलीकडे नाही, थेट. पाहत राहिली. चष्मेवाल्याला वाटलं, आता ती फ्रेमला नावं ठेवणार.

"धाकट्या," ती हळू आवाजात म्हणाली, "तुझं कपाळ केव्हा रे एवढं झालं?"

चष्मेवाल्याचा हात आपसूक डोक्यावर गेला. "झालं हळूहळू."

"आणि मला कुणी सांगितलंही नाही." हे तिनं त्याच्या बायकोकडे बघून म्हटलं, जणू केस तिनंच कुठेतरी ठेवून दिले होते. "जेवतो ना हा नीट?"

"जेवतात, वन्सं."

"दिसतंय किती जेवतो ते." आक्का उठली. कागदाची गुंडाळी करून तिनं काखेत मारली. "फ्रेम जरा मोठीच आहे मला. पण राहू दे, आता पुन्हा दुसरी कुठे काढतोस. रविवारी वर्गाला जाणार आहेस ना?"

"शिकून झालं की आता."

"काय झालं! नाक जमलेलं नाही माझं." आणि ती दाराकडे वळली.

उंबऱ्याशी ती क्षणभर थांबली, खाली पाहिलं, आणि न चाचपता पाऊल सरळ पायरीवर ठेवून रस्त्यावर उतरली.

लाँड्रीच्या दारात काळा कोट नेहमीसारखा टांगलेला होता. आक्का सवयीनं त्याच्यापुढे उभी राहिली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत एकदा निरखून पाहिलं. मग गुंडाळी काखेत घट्ट धरून, एक अक्षर न बोलता, ती पुढे चालू लागली. इतके दिवस विचारपूस करूनही ज्यानं साधी मान हलवली नाही, त्याच्याशी तिनं संबंध तोडले होते.